तुम्ही विचारलंत म्हणून: फाईलच तर कॉपी करायचीय, मग एवढा वेळ का लागतो?

जळगावहून भुसावळ, रावेर, चोपडा, कुठंही कामाला गेलो तरी हाच प्रश्न. "काय भो, जुन्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर नव्यावर टाकायचंय फक्त, त्याला कशाला एवढे दिवस?" पतसंस्थेचे मॅनेजर विचारतात, कॉलेजचा क्लार्क विचारतो, माझा मेव्हणा तर लग्नाच्या पंगतीत वरणबट्टी खाता खाता विचारतो. "असतं तसं" म्हणून मोकळा व्हायचो. आता लिहूनच ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

फोल्डर कॉपी होतं हो. कोड येतो, डेटाबेस येतो, फोटो येतात. अपाची म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, पीएचपी म्हणजे हा कोड ज्या भाषेत लिहिलाय ती आणि ती चालवणारा प्रोग्राम. अडतं ते अपाचीला पीएचपी जोडणाऱ्या त्या एका डीएलएलवर, म्हणजे प्रोग्रामच्या तयार तुकड्यावर, आणि पीएचपीच्या एक्स्टेन्शनांवर, म्हणजे वरून जोडलेल्या तुकड्यांवर. त्या कंपाईल झालेल्या, मशीनच्या भाषेत उतरवलेल्या फाईली असतात, म्हणजे कुठल्या अपाचीसाठी, कुठल्या कंपायलरनं, ३२ बिट की ६४, थ्रेड सेफ (एकदम अनेक कामं चालली तरी न गोंधळणारी) की नॉन थ्रेड सेफ, हे बनवतानाच ठरून गेलेलं असतं, नंतर तुम्ही कितीही प्रेमानं कॉपी करा.

सावद्याकडं एक केळीचे व्यापारी आहेत, सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. त्यांच्या ऑफिसात शेतकऱ्याचं वजन, भाव, गाडीची भराई, पट्टी छापणं, सगळं एका सॉफ्टवेअरवर. अपाची २.२, पीएचपी ५.३. लिहिणारा मुलगा पुण्याला गेला आणि जाताना कोड एन्कोड करून, म्हणजे कुणाला वाचता येणार नाही असा करून गेला, मूळ कोड कुणाकडंच नाही. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून नवीन घेतला, आणि आप्पांच्या पुतण्यानं मोठ्या उत्साहानं नेटवरून अपाची २.४ उतरवून टाकलं, तेही ६४ बिट, आणि पीएचपीचं फोल्डर जुन्यावरून उचलून आणलं. अपाची सुरूच होईना. तोवर जुनी डिस्कही बसलेली. मला फोन आला तेव्हा भर उन्हाची दुपार, दिल्लीच्या गाड्या भरायला लागलेल्या, आणि पट्टीसाठी शेतकरी बाहेर बाकावर बसलेले.

पहिला एरर सरळ होता, व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन नाही म्हणे. ६४ बिटच्या अपाचीत ३२ बिटची डीएलएल जात नाही, विषय संपला. ३२ बिटचं २.४ टाकलं. मग दुसरा आला. मॉड्यूलचं, म्हणजे त्याच डीएलएलचं, स्ट्रक्चर गार्बल्ड (बिघडलेलं) आहे, सिग्नेचर, म्हणजे ओळखखूण, ४१५०३२३४ पाहिजे होती, दिसली ४१५०३२३२. हे आकडे उगाच नाहीत, अक्षरांचे कोड आहेत, ४१ म्हणजे ए, ५० म्हणजे पी, ३२ म्हणजे २ आणि ३४ म्हणजे ४. अपाचीला एपी२४ हवं होतं आणि त्या डीएलएलच्या पोटात एपी२२ लिहिलेलं होतं. मी हे पुतण्याला दाखवलं तर तो म्हणाला, "काका, एका आकड्याचाच तर फरक आहे, तो बदलून टाकू ना."

टाकता येतो. हेक्स एडिटर, म्हणजे फाईलमधले कच्चे आकडे बदलायचं साधन, उघडा, ३२ चं ३४ करा, झालं. पण त्याच्यामागं अजून एक नंबर तपासला जातो, २.२ चा २००५१११५, २.४ चा २०१२०२११. समजा तोही बदलला, मग काय? अपाची त्या मॉड्यूलच्या हातात रिक्वेस्टची सगळी माहिती देतं आणि मॉड्यूल ती नावानं शोधत नाही, सुरुवातीपासून इतक्या बाइटवर अमुक असं धरून चालतं. मी त्याला आप्पांचीच पट्टी दाखवली. वजन, घट, हमाली, भाव. वाचणारा न बघता चौथा रकाना म्हणजे भाव असं समजतो. मध्येच कुणी एक रकाना वाढवला तर तो हमालीला भाव समजेल आणि तशी पट्टी छापूनही टाकेल. पुतण्या गप्प झाला, आप्पा मात्र म्हणाले, "मग रकाना वाढवला कशाला त्यांनी?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही नाही.

शेवटी नव्या मशीनवर जुनंच २.२ टाकायला घेतलं. तर मॉड्यूल सापडत नाही म्हणे! फाईल डोळ्यासमोर दिसतेय. सापडत नव्हती ती दुसरीच, तिला लागणारी एक फाईल, पण एरर नाव घेतो त्या बिचाऱ्या डीएलएलचं. ते होईपर्यंत रात्र झाली आणि त्या दिवशीच्या पट्ट्या मुनीमजींनी हातानं लिहिल्या. सगळ्या ऑफिसात खुश तेवढे एकटेच.

पूर्वी मी या एररांना शिव्या घालायचो, चालवून तर बघ म्हणायचो. आता वाटतं, दारातच नाही म्हणतंय ते बरं, चालू होऊन रात्री दोन वाजता पडलं असतं तर? पण हे मी घरी बसून बोलतो, त्या दुपारी असं अजिबात वाटत नव्हतं.

तेव्हा माझं अजून एक पालुपद होतं, विंडोजऐवजी लिनक्स टाका, एफपीएम चालवा, भानगडच संपली. ते अर्धं खरंय. एफपीएम म्हणजे पीएचपीच, पण अपाचीच्या पोटात न शिरता वेगळं चालतं, अपाचीशी फास्टसीजीआय नावाच्या ठरलेल्या बोलीनं बोलतं, त्यामुळं अपाची बदललं तरी पीएचपीला फरक पडत नाही. पण एक्स्टेन्शनचं काय? त्यांच्यासाठी पीएचपी ५.६ चा एपीआय नंबर, म्हणजे जुळणी तपासायचा नंबर, २०१३१२२६, ७.० चा २०१५१०१२, आणि ते जुळले नाहीत की तीच रड. शिवाय विंडोजवर एफपीएम नाहीच, आणि आप्पांच्या एन्कोड केलेल्या कोडचा लोडर, म्हणजे तो कोड उलगडून चालवणारा तुकडा, विशिष्ट पीएचपीलाच चालतो.

"मग जुनंच ठेवता, ते सेफ आहे का?" नाही. पीएचपी ५.३ चा सपोर्ट २०१४ ला संपला, अपाची २.२ चा २०१७ ला. म्हणून ते मशीन इंटरनेटला लावलेलं नाही, ऑफिसच्या आतल्या आत चालतं. हा काही उपाय नाही हे मला कळतं, पण दुसरा कोणता ते मला तरी कुणी सांगितलेलं नाही. सगळं नवीन लिहायचा खर्च सांगितला की आप्पा चहा मागवतात.

दर दिवाळीला ते विचारतात, नवीन कधी टाकायचं. मी म्हणतो, त्या मुलाकडून मूळ कोड आणा. ते म्हणतात, तो फोन उचलत नाही.