अर्थ विचारला होतास का?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला आणि शाळेच्या एवढ्या आठवणींतून सर्वांत आधी वर आला तो एक शब्द : फॉस्फरस.

मी आठवीत होते. आंतरशालेय स्पेलिंग स्पर्धेची अंतिम फेरी. शब्द ऐकला आणि हायसं वाटलं, कारण मूलद्रव्यांची नावं तोंडपाठ होती. धडाधड अक्षरं सांगत गेले आणि शेवटी म्हणाले, ‘ओ-यू-एस’. घंटा वाजली. हवं होतं नुसतं ‘यू-एस’.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी एवढंच विचारलं, “अर्थ विचारला होतास का?” स्पर्धेत शब्दाचा अर्थ, मूळ भाषा, वाक्यातला उपयोग विचारायची मुभा असते. मी काहीच विचारलं नव्हतं. बाईंनी फळ्यावर दोन्ही स्पेलिंगं लिहिली. ‘यू-एस’चं ते मूलद्रव्य, ‘ओ-यू-एस’चं ते विशेषण, फॉस्फरस ॲसिडमधलं. उच्चार तोच. मग खाली दोन ग्रीक शब्द : ‘फॉस’ म्हणजे प्रकाश, ‘फोरोस’ म्हणजे वाहून आणणारा. 1669 मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने सोन्याच्या आशेने मूत्र आटवलं आणि हाती आला अंधारात चमकणारा पदार्थ, ही गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा तासाची घंटा होऊनही वर्गातून कुणी हललं नाही.

तिथून आम्हाला नावांचा नादच लागला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने ऑक्सिजनचं नाव ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थाने ठेवलं, कारण प्रत्येक आम्लात तो असतोच अशी त्याची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात तो मुळीच नसतो. समजूत खोटी ठरली, नाव मात्र टिकलं. मला ही हकिगत आजही फार आवडते.

माझ्या बाकावरची मैत्रीण विज्ञान प्रदर्शनात पहिली यायची. तिच्या हुशारीचं सगळे कौतुक करत, पण मला तिची वही आठवते. एक मीटरच्या लंबकाला 20 आंदोलनांसाठी साधारण 40 सेकंद लागायला हवेत. तिला दर वेळी 41 मिळत. तिने फक्त दोरा मोजला होता, गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी धरलीच नव्हती. चूक सापडल्यावरही तिने 41 खोडले नाहीत. शेजारी कारण लिहिलं आणि खाली नवी निरीक्षणं. परीक्षक त्याच पानावर बराच वेळ थांबले होते.

पुढच्या वर्षी पुन्हा मी अंतिम फेरीत. शब्द आला ‘क्लोरोफिल’. येत होता, तरी विचारलं, “मूळ भाषा?”

“ग्रीक.”

‘क्लोरोस’, फिकट हिरवा. ‘फिलॉन’, पान. म्हणजे सुरुवातीला ‘सी-एच’, मध्ये ‘पी-एच-वाय’. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी एकेक अक्षर सावकाश उच्चारत शेवटच्या दोन ‘एल’पर्यंत आले, आणि या वेळी घंटा वाजली नाही.