ईएमसीत पास, हायपॉटला नापास

उपकरणातून बाहेर पडणारा विद्युत आवाज, म्हणजे एमिशन, जास्त येतंय म्हणून वाय-कपॅसिटर (हा आवाज अर्थकडे किंवा इन्सुलेशनपलीकडे वळवणारा) वाढवला. चेंबरमधला आलेख मर्यादेखाली गेला, सगळे खूश. पुढच्या आठवड्यात तेच उपकरण सुरक्षिततेच्या चाचणीत लीकेज करंटला, म्हणजे अर्थकडे किंवा हाताकडे गळणाऱ्या करंटला, अडकलं. ही गत नेहमीची आहे, आणि तिचं कारण तांत्रिक कमी, कामाच्या वाटणीचं जास्त आहे. सुरक्षिततेची मानकं वेगळी; ईएमसीची, म्हणजे उपकरणाने विद्युत त्रास देऊ नये आणि बाहेरच्या त्रासाने अडखळू नये यासाठीची, वेगळी. खोल्या वेगळ्या, अहवाल वेगळे, बहुतेक ठिकाणी माणसंही वेगळी. पण दोन्ही चाचण्यांचं भवितव्य ठरतं त्याच मूठभर भागांवर: एक्स (फेज-न्यूट्रलमधला) आणि वाय कपॅसिटर, अर्थची वायर, पत्र्याचा सांधा, सर्ज (मेनवरचा क्षणिक मोठा झटका) शोषणारा व्हॅरिस्टर, ट्रान्सफॉर्मरमधलं अंतर. एका बाजूने ओढलं की दुसरी बाजू उघडी पडते.

वाय-कपॅसिटरपासूनच सुरुवात करू. त्यातून वाहणारा करंट म्हणजे २ × पाय × वारंवारता × व्होल्टेज × कपॅसिटन्स. २४० व्होल्टच्या उपकरणाला १० टक्के वाढ धरून २६४ व्होल्ट, ५० हर्ट्झ. २.२ नॅनोफॅरडला ०.१८ मिलिअँपियर येतात, ३.३ ला ०.२७, ४.७ ला ०.३९. आयटी उपकरणांच्या जुन्या सुरक्षितता मानकात, आयईसी ६०९५०-१ मध्ये, अर्थ नसलेल्या, म्हणजे वर्ग २ च्या उपकरणाला मर्यादा होती ०.२५ मिलिअँपियर. लहान अ‍ॅडॉप्टरमध्ये प्रायमरी-सेकंडरीमधला वाय१ कपॅसिटर इतक्यांदा २.२ नॅनोफॅरडचाच का दिसतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे. त्याच्या जागी आलेल्या ६२३६८-१ मध्ये सामान्य माणसाच्या हाताला लागू शकणाऱ्या भागाची ईएस१ (सर्वांत सुरक्षित पातळीची) मर्यादा ०.५ मिलिअँपियर आहे, त्यामुळे ४.७ कागदावर बसतो. पण ६० हर्ट्झला तोच ०.४७ होतो. त्यात कपॅसिटरचा २० टक्के टॉलरन्स आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधला स्वतःचा कपॅसिटन्स मिळवला की हाताशी काही उरत नाही. म्हणून एमिशनसाठी वाय-कपॅसिटर बदलायचा तर आधी हा गुणाकार करावा, मगच सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावं. फेज किंवा न्यूट्रल ते अर्थ वाय२ चालतो. प्रायमरी ते सेकंडरी रीइन्फोर्स्ड (दुहेरी ताकदीचं) इन्सुलेशन ओलांडताना वाय१ लागतो. वाय१ ला ८ किलोव्होल्ट इम्पल्स सोसावा लागतो, वाय२ ला ५. ड्रॉवरमध्ये सापडलेला साधा निळा सिरॅमिक कपॅसिटर ‘तात्पुरता’ लावायची जागा ही नव्हे.

आता हाच कपॅसिटर हायपॉटला, म्हणजे इन्सुलेशनवर मुद्दाम जास्त व्होल्टेज देण्याच्या चाचणीत, काय करतो ते पाहा. अर्थ असलेल्या उपकरणात फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थविरुद्ध १५०० व्होल्ट एसी देतो तेव्हा दोन्ही वाय-कपॅसिटर समांतर येतात. ४.७ चे दोन म्हणजे ९.४ नॅनोफॅरड, करंट ४.४ मिलिअँपियर. टेस्टरचा ट्रिप ५ वर ठेवला असेल तर टॉलरन्सच्या वरच्या टोकाचा निर्दोष नग ५.३ दाखवून पडतो. मग कोणीतरी ट्रिप २० वर नेतो, आणि आता खरोखर खराब इन्सुलेशनही निमूटपणे पास होतं. मानकाला हवी असलेली गोष्ट आहे ब्रेकडाउन न होणं, म्हणजे करंट ताबा सोडून उसळू नये. ट्रिपचा आकडा आपण ठरवतो. अशा वेळी डीसीवर जाणं सरळ: १५०० ला १.४१४ ने गुणून २१२१ व्होल्ट. कपॅसिटर एकदा चार्ज झाला की उरतो तो खरा गळतीचा करंट, मायक्रोअँपियरमध्ये. मात्र डीसीनंतर नग चार्ज झालेला राहतो. टेस्टरने डिस्चार्ज पूर्ण केल्याशिवाय हात लावू नये.

हायपॉटमध्ये खोटे ‘पास’ दोन प्रकारे येतात. पहिला, उपकरणाचा पॉवर स्विच बंद राहतो. मग चाचणी स्विचपर्यंतच होते आणि पलीकडचा अख्खा सप्लाय तपासलाच जात नाही. फेज तोडणारा रिले असेल तर त्याचे संपर्कही जोडून घ्यावे लागतात. दुसरा, टेस्टरची क्लिप सुटलेली असते आणि ० मिलिअँपियरला हिरवा दिवा लागतो. त्यावर उपाय म्हणजे करंटची खालची मर्यादाही लावणे: एसीमध्ये चांगल्या नगाला ४ मिलिअँपियर यायलाच हवेत, तर २ पेक्षा कमी आले तरी नापास. ही सोय बहुतेक टेस्टरमध्ये असते, वापरतं कमी जण.

आणखी एक सापळा. वर्ग १ च्या, म्हणजे अर्थ असलेल्या, तयार उपकरणात सेकंडरी अर्थला जोडलेली असेल, तर प्रायमरी-सेकंडरी ३००० व्होल्ट देताना तोच ताण प्रायमरी-अर्थच्या बेसिक (एकेरी) इन्सुलेशनवर येतो, जे त्यासाठी बनवलेलंच नाही. रीइन्फोर्स्डची चाचणी ट्रान्सफॉर्मर वेगळा काढून करावी.

एक्स-कपॅसिटरची भानगड वेगळी. १ मेगाहर्ट्झच्या खालचा आवाज दाबायला तो मोठा हवा असतो, आणि मोठा झाला की प्लग ओढल्यावर पिनांवर व्होल्टेज रेंगाळतं. घरगुती उपकरणांच्या सुरक्षितता मानकाची, ६०३३५-१ ची, अट: कपॅसिटन्स ०.१ मायक्रोफॅरडपेक्षा जास्त असेल, तर प्लग काढून १ सेकंदाने पिनांमध्ये ३४ व्होल्टपेक्षा जास्त नको. ०.४७ मायक्रोफॅरड आणि १ मेगओहम ही जोडी नेहमीची. २४० व्होल्टचा शिखर ३३९, टाइम कॉन्स्टंट ०.४७ सेकंद, १ सेकंदाने उरतात ४०.४ व्होल्ट. नापास. पण हेच १० मेगओहमच्या साध्या स्कोप प्रोबने मोजलं तर प्रोब स्वतःच कपॅसिटर रिकामा करायला हातभार लावतो आणि वाचन येतं ३२.६. पास! मोजणाऱ्याच्या हत्याराने निकाल फिरवल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण. १०० मेगओहमचा प्रोब वापरा, प्लग शिखरावरच सुटेल अशी वेळ साधा किंवा पुरेशा वेळा ओढून सर्वांत जास्त वाचन घ्या. रेझिस्टर ८२० किलोओहमचा केला की २५ व्होल्टवर येतो. फ्यूज आणि स्विच यांच्या कोणत्या बाजूला रेझिस्टर आहे तेही बघावं. कपॅसिटर एका बाजूला आणि रेझिस्टर दुसऱ्या, असं झालं की स्विच बंद असताना डिस्चार्जचा रस्ताच तुटतो.

अर्थिंगबाबत तर दोन्ही शाखा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी बोलतात. सुरक्षिततेसाठी अर्थ पिन ते उघडा धातू यांत २५ अँपियर सोडून रोध ०.१ ओहमच्या आत हवा, म्हणजे २.५ व्होल्टपेक्षा कमी ड्रॉप. चार वायरींनी मोजावं, नाहीतर टेस्टरच्या लीडचाच रोध वाचनात मिसळतो. मल्टिमीटरवर ०.० दिसणं पुरेसं नाही: पावडर कोटिंगवर घट्ट केलेल्या स्क्रूचं एखादं टोक पत्र्याला टेकलेलं असतं, मीटरच्या मिलिअँपियरला तेवढं पुरतं, २५ अँपियरला नाही. अर्थच्या जागी रंग मास्क करावा, दातेरी वॉशर घालावा.

आणि ही चाचणी उत्तम पास झालेला अर्थ ईएमसीला निकामी असू शकतो. वायरचा इंडक्टन्स ढोबळ मानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. केबलच्या शील्डची २० मिलिमीटरची शेपटी वळवून स्क्रूखाली दाबली, तर १०० मेगाहर्ट्झला तिचा इंपीडन्स १२.६ ओहम होतो. ५० हर्ट्झला तीच जवळजवळ शून्य. शील्डला कनेक्टरच्या धातूच्या आवरणाशी सगळीकडून गोल संपर्क हवा. शेपटी हवीच असेल तर ती फक्त सुरक्षिततेच्या नावाने ठेवा, तिच्याकडून दुसरी अपेक्षा नको.

कंडक्टेड एमिशन, म्हणजे मेनच्या वायरींतून बाहेर जाणारा आवाज, मोजणं हे टेबलावर स्वतः करण्यासारखं काम आहे. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ, ९ किलोहर्ट्झ बँडविड्थ, उपकरण ८० सेंटिमीटर उंच टेबलावर, मागे ४० सेंटिमीटरवर धातूचा उभा पत्रा, लिझन (मेन आणि उपकरण यांच्यामध्ये बसणारं, वायरींवरचा आवाज मोजायला देणारं खोकं) ८० सेंटिमीटरवर. सिस्पर ३२ या ईएमसी मानकातल्या वर्ग ब (घरगुती वापर) ची क्वासी-पीक (आवाज किती वारंवार येतो तेही धरून मोजलेलं शिखर) मर्यादा १५० किलोहर्ट्झला ६६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट, ती ५०० किलोहर्ट्झपर्यंत ५६ वर उतरते. ५ मेगाहर्ट्झपर्यंत ५६, पुढे ६०. अ‍ॅव्हरेज सगळीकडे १० डेसिबल खाली. आधी पीकने झटपट स्वीप घ्या, मर्यादेच्या ६ डेसिबलच्या आत आलेल्या ठिकाणीच क्वासी-पीक मोजा. आणि उपकरण बंद ठेवून एकदा स्वीप घ्या, नाहीतर शेजारच्या एलईडी दिव्याचा आवाज दुरुस्त करत बसाल.

इथे सुरक्षितता उलट दिशेने आत येते. लिझनमध्ये फेज ते अर्थ मोठे कपॅसिटर असतात; नुसता १ मायक्रोफॅरड धरला तरी २४० व्होल्टला ७५ मिलिअँपियर, आणि ३० मिलिअँपियरचा अर्थ-लीकेज ब्रेकर लगेच उडतो. बरेच जण त्यावर अर्थच काढून टाकतात. मग लिझनचं धातूचं खोकं अंगावर शॉक देतं. योग्य मार्ग म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि लिझनचा अर्थ रुंद पट्टीने पत्र्याला सगळ्यांत आधी जोडणे, सगळ्यांत शेवटी सोडणे. अ‍ॅनालायझर मात्र उपकरण चालू झाल्यावर जोडायचा, मध्ये १० डेसिबलचा लिमिटर. चालू करतानाच्या झटक्याने अ‍ॅनालायझरचं इनपुट जळतं.

आलेखातला दोष कुठल्या जातीचा ते ओळखलं तर अर्धं काम होतं. साधारण १-२ मेगाहर्ट्झपर्यंत डिफरन्शियल मोड (फेज आणि न्यूट्रलमध्ये फिरणारा आवाज) जास्त असतो, तिथे एक्स-कपॅसिटर आणि चोकचा लीकेज इंडक्टन्स कामाला येतो. वर कॉमन मोड (दोन्ही वायरींतून एकाच दिशेने जाऊन अर्थवाटे परतणारा): तिथे कॉमन मोड चोक, वाय-कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरमधलं तांब्याचं शील्ड. वाय-कपॅसिटरची मर्यादा आपण वर पाहिलीच, त्यामुळे व्यवहारात चोक मोठा करणं किंवा स्विचिंगची कड थोडी मंद करणं एवढंच उरतं. कड मंद केली की मॉस्फेट तापतो. तापमानवाढीची चाचणी पुन्हा आली.

रेडिएटेड, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या, एमिशनचं चेंबर महाग, पण तिथे जायच्या आधी केबलभोवती करंट क्लॅम्प लावून बरंच कळतं. १ मीटर केबलमध्ये ५० मेगाहर्ट्झला फक्त ५ मायक्रोअँपियर कॉमन मोड करंट असला, तर ३ मीटरवर क्षेत्र सुमारे १०५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर होतं. वर्ग ब ची मर्यादा तिथे ४० डेसिबल, म्हणजे १००. पाच मायक्रोअँपियरला नापास! खोक्यावर तांब्याची टेप चिकटवत बसण्यापेक्षा आधी एकेक केबल काढून पाहा. २३० मेगाहर्ट्झखालचा गुन्हेगार बहुतेक वेळा केबलच असते. टेपचा धोकाही आहेच. प्लास्टिकच्या आवरणाच्या आत लावलेली पट्टी मेनच्या ट्रॅकजवळ गेली की २५० व्होल्टला प्रदूषण-पातळी २ मध्ये (साधी घरातली धूळ) रीइन्फोर्स्डसाठी लागणारं ५ मिलिमीटर क्रीपेज (इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर), बेसिकसाठी २.५, सहज खाऊन टाकते. आणि वर्षभराने गोंद सुटून ती कुठे पडेल, ते तिलाच माहीत.

इम्युनिटीत, म्हणजे बाहेरचा त्रास सोसण्याच्या चाचण्यांत, सर्ज आणि ईएसडी (स्थिर विजेचा झटका) सगळ्यांत जास्त नग पाडतात. ईएसडीचा ४ किलोव्होल्ट संपर्क डिस्चार्ज १५ अँपियरचं शिखर नॅनोसेकंदाच्या आत देतो. अर्थ नसलेल्या उपकरणात प्रत्येक झटक्यानंतर साठलेला चार्ज दोन ४७० किलोओहमच्या वायरने काढला नाही तर पुढचे झटके नावालाच राहतात. सर्जसाठी फेज-न्यूट्रल १ किलोव्होल्ट २ ओहममधून, फेज-अर्थ २ किलोव्होल्ट १२ ओहममधून, दोन्ही ध्रुवता, ०, ९०, १८०, २७० अंशांवर. फेज-अर्थसाठी नुसता व्हॅरिस्टर लावायचा मोह होतो. तो म्हातारा झाला की गळू लागतो आणि ती गळती थेट अर्थवर जाते, म्हणून सुरक्षितता मानकाला त्याच्यासोबत गॅस डिस्चार्ज ट्यूब सिरीजमध्ये हवी असते. हायपॉटला ही जोडी पेटते, तिला सोडवून चाचणी घेण्याची मुभा मानक देतं; सोडवल्याची नोंद अहवालात करा. उपकरण कोणत्या झटक्याला न अडखळता चाललं पाहिजे, कोणत्याला अडखळून स्वतः सावरलं तरी चालेल, हे अ, ब, क निकष चाचणीआधी लिहून ठेवावे. नंतर लिहिलेला निकष हा निकष नसतो, वकिली असते.

क्रम असा बरा पडतो. आधी टेबलावर लीकेज, अर्थ आणि डिस्चार्जची आकडेमोड व मोजणी, मग कंडक्टेड आणि क्लॅम्पची पूर्वतपासणी, मग डिझाइन गोठवणं, आणि मगच अधिकृत चाचण्या. नग किमान तीन: एक ईएमसीला, एक सुरक्षिततेच्या फॉल्ट चाचण्यांना, जो जळणारच, आणि एक कोणी हात न लावलेला, तुलनेसाठी. सर्ज खाल्लेल्या नगावर शेवटी हायपॉट आणि अर्थ पुन्हा मोजा. फेराइट, फिल्टर, पॉवर सप्लाय यांतलं काहीही चेंबरमध्ये बदललं तर त्याच दिवशी सुरक्षिततेच्या महत्त्वाच्या भागांच्या यादीत उत्पादक, भाग क्रमांक आणि मूल्य यांसह उतरवा, आणि कोणत्या फर्मवेअरवर मोजलं तेही लिहा. क्लॉकचा स्प्रेड स्पेक्ट्रम (वारंवारता थोडी हलवून एमिशन पसरवणं) एका बिटाने बंद झाला की तो आलेख दुसऱ्याच उपकरणाचा होतो.