तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा वेळा एकच माणूस

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा आहे म्हटलं की पुण्यात समोरचा हमखास विचारतो, "गणपतराव देशमुखांना अकरा वेळा आमदार म्हणून कसं निवडून दिलंत हो? नुसता साधेपणा बघून?" आज सावकाश उत्तर देतो.

एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते. बहुतेक ठिकाणी तिथे बाजाराला निघालेली एखादी म्हातारी मांडीवर बुट्टी घेऊन निवांत बसते, कारण आमदार एसटीत येतच नाहीत. आमचे आबासाहेब, म्हणजे गणपतराव, यायचे. आणि एसटीतला माणूस सापडतो. सोलापूर येईपर्यंत तो कुठे जात नाही. विहिरीच्या वीजजोडणीचं, रेशनकार्डाचं, सगळं विचारून घेता येतं.

पण साधेपणाला मत दिलं, हे अर्धंच खरं. साधेपणाने टँकर येत नाही, आणि आमचा तालुका दुष्काळी. त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाची (शेकाप) गावोगावची माणसं होती, समाजाचं पाठबळ होतं, तेही धरा. तरी आमदार मुंबईत काय करतो, योजनेची फाइल कुठे अडली, हे माझ्या आईला कुठून कळणार? तिला दिसतं ते एवढंच: बंगला झाला का, गाडी आली का, हाक मारली तर थांबतो का. त्यावरून ती उरलेलं ताडते. शिकलेली माणसं याला भाबडेपणा म्हणतात, त्याचा मला राग येतो. हातात जे माप आहे, त्यानेच ती मोजणार ना?

1962 ते 2014 या काळात ते अकरा वेळा निवडून आले, पण दोनदा पडलेही. 1972 ला आणि 1995 ला. 1995 ला तर अवघ्या 192 मतांनी. माणूस तोच, एसटी तीच. माझे वडील त्या वेळी विरोधात मत देऊन आले होते. शेताला पाणी नव्हतं, त्याचा राग. निकाल लागला त्या रात्री ते जेवले नाहीत. "पाडायचं नव्हतं रे, जरा ऐकवायचं होतं," म्हणाले. 1999 ला आबासाहेब पुन्हा आले.

1995 ला जिंकले ते शहाजीबापू पाटील. 2022 मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीतून ते फोनवर "काय झाडी, काय डोंगार" म्हणाले आणि अख्खा महाराष्ट्र त्यांच्या माणदेशी बोलीवर खूश झाला. मलाही घरचंच कुणी बोलल्यासारखं वाटलं. पण 2024 ला सांगोल्याने त्यांना पाडून गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख यांना 25 हजारांवर मतांनी निवडून दिलं. लढत तिरंगी होती, हे खरं. तरी राज्याला आवडलेली बोली तालुक्यात पुरली नाही. आजोबांची पुण्याई म्हणाल, तर 2019 ला याच घरातले दुसरे नातू 768 मतांनी हरले होते. तीही आपोआप खात्यावर जमा होत नाही.

30 जुलै 2021 ला आबासाहेब गेले. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या 192 मधला एक मी."