एमजीबीचे कार्ब्युरेटर आणि इनव्हॉइसवरचे 1967

परदेशातून जुन्या गाडीचे सुटे भाग मागवणाऱ्यांनी विक्रेत्याला पैसे पाठवण्यापूर्वीच एक गोष्ट लेखी कळवावी: इनव्हॉइसवर गाडीचे मॉडेल-वर्ष लिहू नका आणि लिहायचेच असेल, तर शेजारी ‘नवीन, न वापरलेला भाग’ असे स्पष्ट नमूद करा. माझ्या 1967 च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची दोन्ही एसयू कंपनीची कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) खोलून नव्याने बांधताना जो मनस्ताप झाला, त्यातला मोठा वाटा या चार आकड्यांचा आहे.

गाडीची तक्रार साधी होती. इंजिन तापले की आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वरखाली होई आणि सिग्नलला थांबताच गाडी बंद पडे. या गाडीवरच्या एचएस4 कार्ब्युरेटरचे थ्रॉटल स्पिंडल (हवेची झडप फिरवणारा दांडा) 5/16 इंच जाडीचे असते आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीतून आरपार जाते. इतक्या वर्षांच्या घर्षणाने ते भोक लंबगोल होते आणि तिथून नको ती हवा आत खेचली जाते. मग हवा-पेट्रोलचे मिक्स्चर कितीही जुळवा, ते टिकत नाही. स्पिंडल बोटांत धरून वरखाली हलवले, तरी त्यातला खेळ हाताला कळतो. आयडलिंगवर स्पिंडलच्या टोकांशी कार्ब क्लीनर फवारून पाहण्याची पद्धतही प्रचलित आहे. परंतु एमजीबीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्या अगदी खालीच असल्याने तापलेल्या इंजिनावर ती करू नये.

अँबॅसिडरचे 1489 सीसी इंजिन याच बी-सिरीज घराण्यातले असल्यामुळे इंजिनाचे बरेच काम पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात निभावते; दीड इंची एचएस4 चे स्पिंडल मात्र तिथे मिळत नाही. म्हणून स्पिंडल, झिजलेल्या भोकात बसवायचे बुश, पेट्रोल सोडणारे जेट, त्यात वरखाली होणारी निडल, पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटचे व्हॉल्व्ह आणि पॅकिंग हे सारे इंग्लंडहून मागवले.

पार्सल मुंबईपर्यंत विनाविघ्न आले आणि तिथे बसले. कुरिअर कंपनीने प्रथम आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड मागितला. व्यापाराशी किंवा उत्पादनाशी संबंध नसलेल्या, केवळ स्वतःच्या वापराच्या वस्तूंना हा कोड लागत नाही, अशी सूट नियमांतच आहे. ती नमूद करून, आधार, पॅन आणि वैयक्तिक वापराचे पत्र जोडून मी उत्तर पाठवले. त्यावर तोच ईमेल, त्याच मजकुरासह, पुन्हा आला. फोन करावा तर दर वेळी नवी व्यक्ती आणि कार्ब्युरेटर म्हणजे काय, इथपासून सुरुवात. मी पाठवलेली कागदपत्रे सध्या कोणाच्या टेबलावर आहेत, एवढ्या साध्या प्रश्नाला त्या कार्यालयात उत्तर नव्हते.

कोडचा मुद्दा सुटला, तेव्हा दुसरा निघाला. इनव्हॉइसवर ‘एमजीबी 1967’ असे लिहिलेले असल्यामुळे माल 1967 सालचा, म्हणजेच वापरलेला असल्याचा समज करून घेण्यात आला. भांडवली यंत्रसामग्री वगळता वापरलेल्या मालाच्या आयातीला परवाना लागतो आणि तो माझ्याकडे असण्याचे कारणच नव्हते, कारण डब्यातला प्रत्येक भाग कोरा होता. डबा उघडून पाहा, अशी विनंती केली, तर “सर, तो कस्टमचा अधिकार आहे” हे उत्तर. आणि कस्टमला कोणी सांगायचे, तर ते पुन्हा कुरिअर कंपनीनेच. या घोळात गोदामभाडे मात्र नेमाने चढत होते आणि ते भरायचे होते मी. अखेर विक्रेत्याने आपल्या लेटरहेडवर प्रत्येक भागाचा क्रमांक, वेगवेगळी किंमत आणि ‘नवीन उत्पादन’ असा उल्लेख करून पत्र दिले, तेव्हा पार्सल हलले. असे पत्र आरंभीच डब्यात घालून घ्यावे. कार्ब्युरेटरचे भाग कस्टमच्या वर्गीकरणात 8409 या शीर्षकाखाली येतात, तेही त्यात लिहून घ्यावे. ‘गिफ्ट म्हणून पाठवायला सांगा’ असे सुचवणारे हितचिंतक पुष्कळ भेटतील. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवनरक्षक औषधे सोडून ती वाट बंद आहे.

पुढचे काम त्या मानाने सुखाचे झाले. भोसरीतल्या एका लेथवाल्याने बॉडीची भोके मोठी करून बुश बसवले. दोन्ही बाजूंचे बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत साफ करून घ्यावेत. रेष किंचित चुकली तरी बटरफ्लाय, म्हणजे स्पिंडलवरची हवेची झडप, अडकते. कार्ब्युरेटरमधला पिस्टन आणि त्यावरची टोपी यांची जोडी जुळवलेली असते, म्हणून दोन कार्ब्युरेटरच्या टोप्यांची अदलाबदल करू नये. जेट मध्यभागी आले की नाही, हे कानाने ठरते. पिस्टन उचलून सोडला की तो खाली टेकताना धातूचा स्वच्छ ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नसेल, तर जेटचा नट सैल करून पुन्हा जुळवावे. जेट पुलाच्या, म्हणजे पिस्टन टेकतो त्या उंचवट्याच्या, पातळीला आणून मिक्स्चर जुळवायच्या नटाने बारा पैलू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली घेतले की गाडी सुरू होण्यापुरते मिक्स्चर मिळते.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्यावर हेच मिक्स्चर लीन पडते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. म्हणून कारखान्यानेच या इंजिनासाठी नेमून दिलेली रिच, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी, निडल मी बसवली, फ्लोटचे व्हॉल्व्ह व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या टोकाचे घेतले आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आर9 दर्जाच्या टाकल्या. कार्ब्युरेटरखालची पिन दाबून पिस्टन 1/32 इंच उचलल्यावर इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पुन्हा बसला, तेव्हा पाना खाली ठेवला. गाडी आता सिग्नलला बंद पडत नाही, याचा मला थोडा गर्वही आहे.

खोलतानाची एक सूचना सांगायची राहिली. बटरफ्लायच्या स्क्रूंची टोके चिरलेली आणि फाकवलेली असतात. ती पक्कडीने आधी जवळ आणल्याशिवाय स्क्रू फिरवू नयेत, नाहीतर स्पिंडलचे आटे जातात. नवे स्क्रू बसवल्यावर टोके पुन्हा फाकवावीत, कारण सुटलेला स्क्रू सरळ इंजिनात जातो.