अर्धी विहीर

एप्रिल 2019, जालना जिल्हा. आदल्या ऑक्टोबरला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालेला, आमचा त्यातच. मी पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता. टंचाईत कुठल्या विहिरीला पाणी दिसतंय ते शोधून तिच्या अधिग्रहणाचा, म्हणजे सरकारने ती भाड्याने तात्पुरती ताब्यात घेण्याचा, प्रस्ताव द्यायचा, हे माझं काम.

त्या गावात पाणी उरलेली विहीर एकच, तिच्यावर विहीरमालक काकांची 300 झाडं मोसंबीची. बहुतेक जण काठावरून वाकून बघतात आन् ‘पाणी उपलब्ध’ लिहून मोकळे होतात, मला ते पटत नाही. मी संध्याकाळी विहीर उपसून घेतली, रात्रभर मोटर बंद ठेवायला लावली आणि सकाळी टेप सोडला तर पाणी 4 फूट चढलेलं. 20 फूट व्यासाची विहीर, म्हणजे फुटाला जवळजवळ 8900 लिटर, एकूण साडेपस्तीस हजार. काका म्हणाले, "मोजून काय करता साहेब, न्यायची तर हायच."

पण मोजल्यामुळंच कळलं ना! गाव 1200 चं (2011 च्या जनगणनेप्रमाणे), माणशी रोज 20 लिटरने 24,000 लागणार. उरतात साडेअकरा हजार. झाडाला 38 लिटर, फळ नाही धरणार पण झाड तगेल. मोसंबी वाळली की नवीन झाड लावून फळ यायला पाच-सहा वर्षं जातात, हे ऑफिसात बसून कळत नाही.

सरपंच म्हणाले जनावरांचं काय? मोठ्या जनावराला दिवसाला 35 लिटर धरतात, 300 जनावरं, म्हणजे उरलेलं जवळपास सगळंच. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी मी 24,000 गावाला, बाकी एक दिवस बागेला, एक दिवस जनावरांना असं लिहून प्रस्ताव पाठवला, काका आणि सरपंच दोघांनीही सह्या केल्या.

वरून आदेश आला पूर्ण विहिरीचा. अर्धी विहीर घ्यायला फॉर्मात रकानाच नाही म्हणे. मोटर टँकर भरायला जुंपली, जूनपर्यंत निम्मी बाग वाळली.

माझं म्हणणं आजही तेच आहे, टंचाई आराखडा (पाणी कमी पडलं तर कुठं काय करायचं याचं नियोजन) ऑक्टोबरपासून तीन टप्प्यांत करतात, मग ऑक्टोबरलाच प्रत्येक विहिरीमागची बाग, जनावरं आणि रात्रीचा पाझर का नाही नोंदवत? मागच्या वर्षीचीच यादी तारीख बदलून पुढं जाते. काकांना विहिरीचं भाडं मिळालं पुढच्या वर्षी, झाडांचा त्यात हिशोबच नव्हता.