ई-टाइप मागून बघायची गाडी आहे

लंडनमधले दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले. लिहायचंय ते गेडनबद्दल. वॉरिकशायरमधल्या या गावातलं ब्रिटिश मोटर म्युझियम अगदी आडबाजूला आहे. लेमिंग्टन स्पापर्यंत रेल्वेने गेलो, पुढे टॅक्सी केली आणि तिचं भाडं चांगलंच टोचलं. शनिवारी शक्यतो जाऊ नका. जॅग्वार ई-टाइप या जुन्या स्पोर्ट्स कारपुढे फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड होती की गाडी दिसेचना.

सगळे लांबलचक बॉनेटसमोर उभे. ते बॉनेट माल्कम सेयरचं. विमानांच्या कारखान्यातून आलेला हा माणूस गाडीचे वक्र आकडेमोड करून काढायचा. १९५५ ते ५७ अशी सलग तीन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली जॅग्वारची डी-टाइपही त्याचीच, आणि ई-टाइप तिच्याच वळणावर घडली.

मी मात्र कूपेच्या, म्हणजे बंद छताच्या ई-टाइपच्या मागे गेलो. तिथे गर्दी नव्हती. एक वयस्कर स्वयंसेवक जवळ आले आणि गाडीला स्पर्श न करता, हवेत बोट फिरवत छताची रेघ दाखवू लागले. पुढच्या काचेच्या वर सुरू होऊन ती थेट शेपटीपर्यंत उतरते, मध्ये कुठे अडखळत नाही. ही रेघ बॉब ब्लेकची, ते म्हणाले. ब्लेक मूळचा अमेरिकन, जॅग्वारमध्ये पत्र्याचं काम करणारा कारागीर. ई-टाइपचं काम उघड्या गाडीपासून सुरू झालं होतं. ब्लेकने तिच्यावर बारीक सळ्या वाकवून, जोडून छताचा सांगाडाच उभा केला. जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी तो पाहिला आणि ही गाडी करायचीच असं ठरवलं. सामानासाठी मागे बाजूला उघडणारं दारही आलं.

मला भरून आलं. इतकी देखणी वस्तू कुणाच्या तरी हातातून थेट उतरली होती!

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात जगासमोर आली तीसुद्धा कूपेच. जॅग्वारच्या प्रसिद्धी विभागातले बॉब बेरी कॉव्हेंट्रीहून रात्रभर चालवत तिला घेऊन गेले आणि कार्यक्रमाच्या तोंडावर पोचले. मागणी इतकी उसळली की उघडी गाडी घेऊन कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस यांनाही रातोरात निघावं लागलं.

२००८ पासून जॅग्वार टाटांकडे आहे, त्यामुळे आपल्याकडे या गाड्यांबद्दल खूप लिहिलं जातं. त्यात सेयर असतो, लायन्स असतात. ब्लेकचं नाव मला क्वचितच दिसतं, आणि याचा मला मनापासून राग येतो.