लोण्याच्या भिंती

फ्रिजमधलं लोणी थेट पावाला लावायला गेलं की पाव फाटतो. आज सकाळीही फाटला आणि मला रिचर्ड आठवला. इंग्लंडचा राजा, सिंहहृदयी वगैरे. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत सेन नदीच्या वळणावर, चुनखडीच्या पांढऱ्या कड्यावर त्याने शातो गायार हा किल्ला बांधला. ११९६ ते ११९८, जेमतेम दोन वर्षांत. आमच्या सोसायटीच्या टाकीला तीन लागली.

फ्रान्सचा राजा फिलिप म्हणे म्हणाला, "भिंती लोखंडाच्या असल्या तरी घेईन." त्यावर रिचर्ड : "लोण्याच्या असत्या तरी राखल्या असत्या!" लोण्यासाठीच नावाजलेल्या मुलखात बसून दुसरं सुचणार तरी काय?

मी तिथे गेलो तेव्हा खाली लेझांदली गावात भरपूर न्याहारी करून वर चढलो. आतल्या कोटाची भिंत बघत राहिलो. ती सपाट नाहीच. एकाला एक चिकटलेले अर्धगोल फुगवटे, थेट पावाच्या लादीसारखे! फेकलेला धोंडा त्या गोलाईवरून निसटावा, ही त्यामागची अक्कल.

रिचर्ड मात्र ११९९ मध्येच गेला, दुसऱ्याच एका किल्ल्यापुढे बाण लागून. गादीवर भाऊ जॉन आला. १२०३ मध्ये फिलिपने वेढा घातला. आसऱ्याला आलेल्या गावकऱ्यांना, खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून, किल्लेदाराने बाहेर काढलं. आधीच्यांना फिलिपने जाऊ दिलं, शेवटच्या शेकडोंना नाही. ऐन हिवाळ्यात ती माणसं तट आणि वेढा यांच्यामध्ये अडकली, कित्येक भुकेने मेली. ती जागा पाहताना पोटातली न्याहारी जड झाली.

मार्च १२०४ मध्ये किल्ला पडला. बोजी नावाच्या शिपायाला (नाक नकटं, म्हणून बोजी) जॉनने मागाहून बांधलेल्या इमारतीत आत शिरायची वाट सापडली. वेढ्यात हजर असलेला फिलिपचा पाद्री लिहितो, ती चॅपेलची, म्हणजे प्रार्थनाघराची खिडकी. लोक सांगतात, संडासाचं भोक. माझा कौल लोकांना. पाद्री काय, सोयीचंच लिहिणार.

पुढे १५९९ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा आंरी याने किल्ला पाडायला काढला. दगड मठांच्या बांधकामाला गेले.

लोणी आता ओट्यावर मऊ व्हायला ठेवलंय. आमच्या संडासाच्या खिडकीची एक काच सहा महिन्यांपासून निखळलेली आहे आणि शेजारचा बोका तिथूनच येतो. नाक तेवढं नकटं नाही त्याचं.